बदामाच्या पिठाच्या कुकीज दर वेळी पसरतात, नाहीतर भुगा होतो? आधी एकच कुकी भाजून बघा

माझी गोडाची तलफ रात्री जेवण झाल्यावर येते, पोट भरलेलं असतं पण जिभेचं काहीतरी बाकी असतं. धान्य आणि दूध दोन्ही बंद केल्यापासून बिस्किटाचं पाकीट उचलायचं, मागचं लेबल वाचायचं आणि परत ठेवायचं एवढाच कार्यक्रम उरला होता. मग म्हटलं घरीच करू, बदामाचं पीठ, खोबरेल तेल, एक अंडं, त्यात काय एवढं. पहिल्या दोन वेळा झाल्याही मस्त. तिसऱ्या वेळी ओव्हनचं दार उघडलं तर बारा कुकीजची मिळून एकच चौकोनी पोळी झालेली, कडा जळलेल्या आणि मध्ये लगदा. चौथ्या वेळीही तेच. पाचव्या वेळी मी घाबरून पीठ वाढवलं तर कुकी उचलतानाच हातात भुगा झाली.

कृती तीच, माप तेच, मग बदललं काय? हे डोक्यात यायला लाजिरवाणा वेळ लागला. पहिल्या दोन वेळा थंडीचे दिवस होते आणि खोबरेल बाटलीत गोठलेलं होतं, चमच्याने खरवडून काढावं लागलेलं. नंतर ऊन वाढलं आणि तेच तेल मी पाण्यासारखं ओतून घेत होते. खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे किचन जरा गरम असेल तर पीठ मळतानाच तुमचं फॅट द्रव झालेलं असतं आणि ओव्हनमध्ये जायच्या आधीच कुकी पसरायला तयार बसलेली असते. बटर ३२ ते ३५ अंशाच्या आसपास वितळतं म्हणून नेहमीच्या कुकीजमध्ये हा त्रास एवढा जाणवत नाही.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतलीये आणि बाकीचं सगळं विसरलात तरी एवढं करा. सगळा ट्रे भरायच्या आधी एकच कुकी भाजायची. एका गोळ्याला बारा मिनिटं आणि वर दहा मिनिटं गार व्हायला, एवढ्यात कळतं की उरलेल्या पिठाचं काय करायचंय. पीठ अजून भांड्यात असतं तोवर सगळं दुरुस्त होतं, ट्रेवर पसरल्यावर काहीच होत नाही. बदाम स्वस्त नाहीत आणि अख्खा घाणा फुकट गेला की जो मूड जातो त्यानंतर माणूस जे समोर येईल ते गोड खातो, त्यामुळे ही बारा मिनिटं फार कामाची आहेत.

माझं आत्ताचं माप

पुढे जे बिघाड सांगतेय ते याच्या हिशोबाने समजून घ्या. सोललेल्या बदामाचं बारीक पीठ २०० ग्रॅम, टॅपिओका स्टार्च (कसावाच्या कंदातून काढलेला) ३० ग्रॅम, नारळाची साखर ७० ग्रॅम, घट्टसर खोबरेल ५० ग्रॅम, एक अंडं, खायचा सोडा पाव छोटा चमचा, मीठ पाव छोटा चमचा, व्हॅनिला एक छोटा चमचा, लिंबाचा रस अर्धा छोटा चमचा आणि बिनदुधाच्या डार्क चॉकलेटचे तुकडे ५० ग्रॅम. आधी साखर आणि तेल फेटायचं, मग अंडं, व्हॅनिला, लिंबू, मग कोरडं सगळं, शेवटी चॉकलेट. अर्धा तास फ्रीजमध्ये, मग ३० ग्रॅमचे गोळे, तळव्याने दाबून साधारण एक सेंटीमीटर जाड, १६५ अंशाला ११ ते १३ मिनिटं. पंधराएक कुकीज होतात. आणि हो, वजनकाटा वापरा. बदामाचं पीठ कपात चेपून भरलं की भुरभुरवून भरलं यात सहज पंधरा-वीस ग्रॅमचा फरक पडतो, आणि दोन कपांना तो दुप्पट होतो.

पसरतात

कधी पसरतात ते ओव्हनच्या काचेतून बघा, खाली बसून बघायचं, लाज वाटून घ्यायची नाही. पहिल्या तीन-चार मिनिटांतच सपाट झाल्या तर दोष फॅटचा आहे, तेल जास्त किंवा फारच पातळ. गोळे पंधरा-वीस मिनिटं परत गार करा आणि थंड ट्रेवर ठेवा. दुसरा घाणा नेहमी पहिल्यापेक्षा जास्त पसरतो याचं कारण बहुतेक वेळा गरम ट्रे असतो, गोळा ठेवला की खालून वितळायला लागतो.

दुसरं म्हणजे बटरच्या कृतीत बटरच्या जागी तेवढंच तेल घालणं. ही चूक जवळजवळ सगळे करतात, मी पण केली. बटरमध्ये साधारण ८० टक्के फॅट आणि १६-१७ टक्के पाणी असतं, खोबरेल मात्र पूर्ण फॅट. त्यामुळे १०० ग्रॅम बटर लिहिलं असेल तर ८० ग्रॅम तेल आणि एक मोठा चमचा पाणी. त्यातही बदामाच्या पिठाचं जवळजवळ निम्मं वजन फॅटचंच असतं, गव्हाच्या पिठात ते नगण्य असतं, त्यामुळे गव्हाची कृती उचलून फक्त पीठ बदललं तर कुकी तेलात पोहते. गव्हात ग्लूटेन या चिवट प्रोटीनची जाळी असते ती सगळं धरून ठेवते, इथे ती जाळी नाहीच, धरायचं काम अंडं आणि स्टार्चने करायचंय.

तिसरं कारण सोडा. जास्त सोडा म्हणजे जास्त फुगेल असं वाटतं पण धरून ठेवणारी जाळी नसल्यामुळे कुकी फुगून लगेच बसते आणि पसरते, वर साबणासारखी चव येते. २०० ग्रॅम पिठाला पाव छोटा चमचा पुष्कळ झाला.

टेस्ट कुकी पसरली तर उरलेल्या पिठात एक मोठा चमचा स्टार्च घाला आणि अर्धा तास फ्रीज. बदामाचं पीठ अजून घालू नका, त्याच्याबरोबर अजून फॅटच आत येतं.

उलटंही होतं बरं का, कुकी अजिबात पसरतच नाही, गोळा ठेवला तसा लाडूसारखा बाहेर येतो. यात बिघाड काही नाही, बदामाच्या पिठाचं घट्ट पीठ स्वतःहून फारसं हलत नाही. भाजायच्या आधी जेवढी जाड हवी तेवढी दाबून ठेवायची, बस.

भुगा होतो

इथे पहिला प्रश्न, किती वेळात उचलली? ओव्हनमधून काढल्या काढल्या ही कुकी मऊ आणि ठिसूळच असते. फॅट वितळलेलं असतं आणि स्टार्च अजून घट्ट झालेला नसतो. ट्रेवरच कमीत कमी १०-१५ मिनिटं राहू द्या, मग जाळीवर. घरात वास सुटलेला असताना पंधरा मिनिटं थांबणं अवघड आहे हे मान्य, मी तेवढ्यात भांडी घासून टाकते. माझे अर्धे भुगे निव्वळ घाईने झाले होते, कृतीत काही चूक नव्हती.

गार करूनही भुगा होत असेल तर पाणी कमी पडतंय. स्टार्चला चिकटपणा यायला पाणी आणि उष्णता दोन्ही लागतात, साधारण ६०-७० अंशाला तो पाणी शोषून फुगतो आणि चिकट होतो. पीठ कोरडं असेल तर स्टार्च नुसता पावडर म्हणून पडून राहतो आणि उलट कुकी खडूसारखी लागते. पीठ मुठीत दाबून बघा, गोळा राहिला पाहिजे आणि कडा फाटायला नकोत. फाटत असेल तर एक छोटा चमचा पाणी किंवा एक पिवळा बलक.

आणि कृपा करून बदामाच्या पिठाच्या जागी तेवढंच नारळाचं पीठ घालू नका. दोन्ही पांढरी, दोन्ही बिनधान्याची, म्हणून अदलाबदल चालेल असं वाटतं. नारळाच्या पिठात तंतू इतके असतात की ते पाणी ओढून घेतच राहतं, मळताना बरोबर वाटलेलं पीठ दहा मिनिटांनी वाळूसारखं होतं. एक कप बदामाच्या पिठाच्या जागी पाव ते एक तृतीयांश कप नारळाचं पीठ, वर एखादं जास्तीचं अंडं किंवा तेवढं पातळ, आणि मळल्यावर दहा मिनिटं थांबून मगच ठरवायचं अजून काय घालायचं ते. खरं सांगायचं तर नारळाच्या पिठासाठी त्याचीच कृती शोधा, गणित करत बसू नका.

अंडं चालत नसेल तर जवस. एक मोठा चमचा जवसाची ताजी पूड आणि तीन मोठे चमचे पाणी, दहा मिनिटं ठेवलं की बुळबुळीत होतं. अख्खे दाणे भिजवून हे काम नीट होत नाही. पण अंडं तापवलं की घट्ट होतं, पांढरं साधारण ६० अंशाच्या पुढे आणि पिवळं त्याच्या जरा वर, जवसाचं तसं नाही, ते नुसतं चिकटवून ठेवतं. म्हणून जवसाच्या कुकीज मऊ आणि जास्त नाजूक होतात. त्यांना एक चमचा स्टार्च जास्त, दोन मिनिटं जास्त, आणि पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही.

खाली तेल सुटतं

पार्चमेंट पेपरवर तेलाची वर्तुळं दिसतात ना, ते बहुतेक वेळा घरी दळलेल्या पिठामुळे. बदाम मिक्सरमध्ये सलग फिरवले की भांडं तापतं, तेल सुटायला लागतं आणि पीठ कडेला चिकटून बदामाचं बटर व्हायच्या मार्गाला लागतं. बदाम आधी फ्रीजमध्ये गार करा, मिक्सर दोन-दोन सेकंद थांबत थांबत चालवा, चाळून घ्या आणि चाळणीवर राहिलेलं परत फिरवा. त्यात एक चमचा स्टार्च घालून दळलं तरी बरं पडतं. सालीसकट दळलं तर चालतं, चवीला मला ते जास्त आवडतंसुद्धा, फक्त कुकी जरा भरड होते आणि कमी बांधली जाते. पीठ मळतानाही हाताने फार रगडू नका, कणीक नाहीये ती.

बाहेर जळते, आत कच्ची

मधाने केल्या का? मधात फ्रुक्टोज या प्रकारची साखर जास्त असते आणि ती साध्या साखरेपेक्षा कमी तापमानाला रंग धरते, त्यामुळे बाहेर तपकिरी झालं तरी आत अजून ओलंच. शिवाय मधात सतरा-अठरा टक्के पाणी असतं म्हणजे पीठही सैल होतं. ७० ग्रॅम साखरेच्या जागी ५५-६० ग्रॅम मध घ्या, ओव्हन दहा अंशांनी कमी करा आणि जरा जास्त वेळ ठेवा.

मध नसेल तर ओव्हनवर संशय घ्या. मी एकदा आत ठेवायचा थर्मामीटर आणला आणि कळलं की मी १८० समजत होते तेव्हा आत २०० च्या पुढे होतं. म्हणजे दीड वर्ष मी स्वतःला दोष देत होते! पंखा चालू असलेला मोड असेल तर आणखी पंधरा-वीस अंश कमी करा. काळ्या ट्रेवर तळ लवकर भाजतो, सिलिकॉनच्या मॅटवर उशिरा, हे पण धरून चाला. कुकी बाहेर काढायची खूण म्हणजे कडा सोनेरी आणि मधला भाग अजून दाबला तर मऊ. मधला भाग कडक व्हायची वाट बघितली तर गार झाल्यावर दगड.

हिरवी झाली!

हा प्रकार पहिल्यांदा बघितला तेव्हा मी कुकी फेकून दिली होती, बुरशी समजून. बदामाची अ‍ॅलर्जी असलेल्या मैत्रिणीसाठी सूर्यफुलाच्या बियांचं पीठ वापरलं होतं, दुसऱ्या दिवशी कुकी तोडली तर आत शेवाळी रंग. सूर्यफुलाच्या बियांमध्ये क्लोरोजेनिक अ‍ॅसिड असतं, सोड्यामुळे पीठ अल्कलाइन, म्हणजे आंबटाच्या उलट, झालं की ते हिरवा रंग देतं. ताज्या कुकीत हा रंग आला तर खायला काही धोका नाही, फक्त दिसतं विचित्र. सोडा निम्मा करा आणि लिंबाचा रस एक-दोन छोटे चमचे घाला, रंग येत नाही. लहान मुलं असतील तर मुद्दाम हिरवी ठेवा, आवडतात.

सगळं बिनधान्याचं घातलं तरी त्रास होतोय

मग पिठाकडे नका बघू, चिमूटभर घातलेल्या गोष्टींकडे बघा. बऱ्याच बेकिंग पावडरमध्ये मक्याचा स्टार्च असतो आणि मका धान्यच आहे. पिठीसाखरेतही गुठळ्या होऊ नयेत म्हणून तोच घालतात. बेकिंग पावडर घरी करायची तर एक भाग सोडा, दोन भाग क्रीम ऑफ टार्टर (आंबट पांढरी पावडर, नावात क्रीम असलं तरी दुधाची नाही) आणि एक भाग टॅपिओका स्टार्च, टॅपिओका कसावाच्या कंदातून येतो त्यामुळे तो धान्यात येत नाही. ओट्स धान्यच, कोणी काहीही म्हणो. राजगिरा, कुट्टू, किनोआ हे गवताच्या कुळातले नाहीत म्हणून काही जण चालवून घेतात आणि काही जण नाही, तुम्ही धान्य कशासाठी सोडलंय त्यावर ते आहे. सीलिॲक (ग्लूटेन अजिबात न चालणारा आजार) असेल तर पाकिटावर ग्लूटेनफ्री लिहिलेलंच घ्या, पीठ बदामाचं असलं तरी, कारण त्याच चक्कीवर आधी काय दळलं ते आपल्याला माहीत नसतं.

दुधाचं तर अजून फसवं. डार्क चॉकलेट म्हणजे बिनदुधाचं असं नाही, मिल्क फॅट किंवा मिल्क सॉलिड्स बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मार्जरिनमध्ये कधी कधी व्हे, म्हणजे दूध फाटल्यावर सुटणाऱ्या पाण्याचा अंश, असतं. लॅक्टोज-फ्री म्हणजे फक्त साखर मोडलेलं दूध, प्रोटीन तसंच राहतं, म्हणजे दुधाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना ते चालत नाही. तूपही दुधाचंच, कितीही कढवलं तरी थोडंफार प्रोटीन मागे राहू शकतं.

दुसऱ्या दिवशी मऊ पडतात

मध किंवा खजूर घातला असेल तर पडणारच, हवेतलं पाणी ओढून घेतात ते. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, कोमट भरल्या तर झाकणाला घाम येतो आणि तोच परत कुकीत जातो. मऊ पडलेल्या कुकीज १५० अंशाला पाच मिनिटं आणि मग गार, परत कुरकुरीत होतात. कायम कुरकुरीतच हव्या असतील तर दाणेदार साखर वापरा आणि पातळ थापा.

साखर अजिबात नको म्हणून तिच्या जागी एरिथ्रिटॉल ही गोड पावडर घालणाऱ्यांसाठी एवढंच, त्याने रंग येत नाही म्हणून रंगाची वाट बघत जाळू नका, आणि जिभेला गार गार लागतं ते नॉर्मल आहे. स्टीव्हिया या गोड पानांच्या अर्काचे दोन थेंब ७० ग्रॅम साखरेची जागा भरू शकत नाहीत. गोडी येईल, पण साखरेचं वजन आणि कुरकुरीतपणा कुठून आणणार? कुकी कोरडी आणि पावासारखी होते.

कुकी छान झाली पण तलफ जात नाही

हा बिघाड सगळ्यात जास्त वेळा येणारा आणि ओव्हनशी संबंध नसलेला. मी सुरुवातीला बदामाच्या आहेत म्हणून एका बैठकीत सहा खायचे. वरच्या मापाची एक कुकी साधारण दीडशे कॅलरीची आहे, हिशोब करून बघा. नारळाची साखर, मध, खजूर, सगळी शेवटी साखरच. या कुकीजचा खरा फायदा म्हणजे बदामात १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या वर प्रोटीन आणि बऱ्यापैकी तंतू असतात, त्यामुळे दोन कुकीजनी पोटाला काहीतरी खाल्ल्यासारखं वाटतं, मैद्याच्या बिस्किटाने मला ते कधीच वाटलं नाही.

चवीत काय कमी पडतंय तेही बघा. माझ्या पहिल्या कृतीत मीठ नव्हतं आणि मी साखर वाढवत बसले होते. पाव चमचा मीठ घातलं आणि साखर ९० वरून ७० ग्रॅमवर आली, घरात कोणाला कळलंसुद्धा नाही. व्हॅनिला आणि दालचिनीनेही गोड जास्त वाटतं, आणि चॉकलेट बारीक किसून न घालता मोठे तुकडे ठेवले की प्रत्येक घासात एक गोड टप्पा येतो.

आणि पंधरा कुकीज डब्यात ठेवून स्वतःवर विश्वास ठेवू नका, मी हरलेय. आता मी गोळे करून, दाबून, ट्रेवर तसेच फ्रीझरमध्ये गोठवते आणि कडक झाले की पिशवीत भरते, दोन-तीन महिने आरामात राहतात. तलफ आली की दोन गोळे काढायचे, ओव्हन तापेपर्यंत ते बाहेर ठेवायचे, दोन मिनिटं जास्त भाजायचे. कच्चं पीठ मात्र चाखत बसू नका, अंडं आहे त्यात. ओव्हन तापणं, भाजणं, गार होणं धरून पाऊण तास जातो आणि तेवढ्यात कधी कधी तलफच निघून जाते, मग ते दोन गोळे मी परत फ्रीजमध्ये ढकलते आणि सकाळी चहाबरोबर भाजते.